नैसर्गिक दगडाचा अग्निरोध : प्रचलित कसोटीची चिकित्सा

प्रस्तावना :
दगड जळत नाही, म्हणून तो आगीत टिकतो, हा समज बांधकामव्यवहारात रूढ आहे. वस्तुतः अदाह्यता आणि अग्निरोध हे भिन्न गुणधर्म होत. युरोपीय वर्गीकरणात नैसर्गिक दगडास चाचणीविनाच ‘ए१’ हा सर्वोच्च दर्जा मिळतो. परंतु तो केवळ दाह्यतेविषयी आहे. दगडी भिंत किंवा जिना आगीत किती वेळ भार पेलेल, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठीच्या स्वतंत्र चाचणीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कसोटीचे स्वरूप :
‘आयएसओ ८३४’ या प्रमाणकानुसार भट्टीचे तापमान ३० मिनिटांत ८४२ व ६० मिनिटांत ९४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि नमुन्याची भारक्षमता, अखंडता व उष्णतारोधन किती मिनिटे टिकते ते मोजतात. दगडातून उष्णता सावकाश वाहते, म्हणून जाड भिंत उष्णतारोधनात सहज उत्तीर्ण होते. मात्र हाच गुण तिला बाधतो. पृष्ठभाग तप्त व गाभा थंड राहिल्याने ताण वाढून कपच्या उडतात.

विवेचन :
‘दगड’ हा एकच पदार्थ नव्हे. ग्रॅनाइट व वालुकाश्मातील क्वार्ट्झ ५७३ अंशांना स्फटिकरचना बदलून अकस्मात प्रसरण पावते. संगमरवरातील कॅल्साइटचे स्फटिक तापताना एका दिशेने प्रसरण, तर तिच्या लंब दिशेने आकुंचन पावतात. त्यामुळे कणांमधील बंध सुटतात. चुनखडीचा सुमारे ८०० अंशांपुढे चुना होतो आणि पाणी लागताच तो फुगतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ प्रायः नसते. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले भस्मसात झाले, दगडी जोती उरली. तथापि उरणे म्हणजे मूळचे बळ राखणे नव्हे.

येथेच कसोटीची उणीव दिसते. ती तापण्याचा काळ मोजते. थंड होताना होणारी हानी तिच्या कक्षेबाहेर राहते. अमेरिकेच्या ‘एएसटीएम ई ११९’ मध्ये पाण्याच्या झोताची चाचणी आहे, पण तीही उर्वरित बळ सांगत नाही. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसचे नोत्र-दाम जळाल्यावर मुख्य प्रश्न उरलेल्या कमानदार छताच्या बळाचाच होता. लोहयुक्त चुनखडी सुमारे २५० ते ३०० अंशांना तांबूस होते. त्या रंगाच्या खोलीवरून उष्णता कोठवर पोहोचली, याचा अंदाज बांधता येतो.

निष्कर्ष :
दगडाचा अग्निरोध केवळ मिनिटांत सांगणे अपुरे आहे. खनिजघटक, तापमानाची खोली आणि थंड झाल्यानंतरचे बळ यांची नोंद त्यासोबत आवश्यक ठरते. अन्यथा उभी दिसणारी भिंत सुरक्षित मानली जाईल, आणि तिच्याखाली माणसे वावरत राहतील.