नाट्यपदातील ‘हा’

नाट्यपद रंगभूमीवरून मैफलीत आले म्हणजे त्याच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राचाही आहे. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकातील ‘नाथ हा माझा’ हे पद पाहू. भास्करबुवा बखले यांची यमनातील चाल; गात असत रुक्मिणीच्या भूमिकेतील बालगंधर्व. भाऊ रुक्मी याच्या मनात शिशुपाल असता रुक्मिणी कृष्णास वरते. या कथासंदर्भात ‘हा’ हे दर्शक सर्वनाम निवड सांगते. मैफलीत शिशुपाल नाही, कृष्णही नाही. निवड लोपते, अनुराग तेवढा उरतो.

अमेरिकेतील ‘ऑल द थिंग्ज यू आर’ या प्रेमगीताची गती याहून निराळी. जेरोम कर्न व ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे १९३९ सालचे मूळ संगीतनाट्य ५९ प्रयोगांत आटोपले; गीत मात्र जॅझवादकांच्या नित्य संग्रहात स्थिरावले. वादकांनी स्वरसंगतीची चौकट राखली, शब्द सोडले. आपल्या गायकाने शब्द राखले. सुटला तो संदर्भ.

शब्द कायम असल्याने ही हानी सहसा लक्षात येत नाही. यास्तव नाट्यपदांचे केवळ रागवार संकलन अपुरे होय. वक्ता, श्रोता व प्रसंग यांची नोंदही हवी. सिंदेवाहीच्या परिसरात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तेथील रंगमंचावर पदातील ‘हा’ समोरच उभा असतो. आपल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासास आरंभ तेथून करावा.