रेखाटनवहीतील माणूस

चित्रकाराच्या रेखाटनवहीतील मानवाकृतींचे अभ्यास, म्हणजे पुढच्या चित्राची तयारी म्हणून किंवा केवळ हात चालता राहावा म्हणून केलेली कच्ची रेखाटने, प्रेक्षकासाठी काढलेली नसतात आणि त्यांच्याविषयी वाटणाऱ्या जवळिकीचे मूळ येथेच आहे. खांद्याची रेषा चुकली तर ती न खोडता शेजारी दुसरी ओढलेली असते, एकाच पानावर तोच हात तीनदा आलेला असतो; त्यामुळे पाहणाऱ्याला आकृतीबरोबर ती शोधणारी नजरही दिसते.

महाराष्ट्रात या अभ्यासाला शिस्त लावली ती १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेने. तेथे १८६५ साली अध्यापक म्हणून आलेल्या लॉकवुड किपलिंग यांनी पुढे सरकारसाठी काढलेल्या रेखाटनांत कारागीर आपल्या कामात गढलेले दिसतात, तर १९१९ मध्ये शाळेची सूत्रे हाती घेणाऱ्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 'लाइफ क्लास', म्हणजे जिवंत मॉडेल समोर ठेवून शरीर अभ्यासण्याचा वर्ग, रुजवला. वर्गातले मॉडेल मात्र स्थिर बसते, रस्त्यावरचा माणूस थांबत नाही. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकासाठी काढलेली मुंबईची माणसे वेषाइतकीच चालीवरून आणि उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखू येतात, कारण वर्गातली शिस्त त्यांनी रस्त्यावरच्या निरीक्षणाशी जोडली होती. के. के. हेब्बर यांनी लय समजून घेण्यासाठी कथकचे धडे घेतले. त्यांच्या रेखाटनांत रेषा शरीराच्या कडेपेक्षा त्याच्या गतीचा मागोवा घेते.

आज या कलेपुढची अडचण कौशल्याच्या अभावाची कमी आणि जतनाची अधिक आहे. पूर्ण झालेल्या चित्राला भिंत मिळते, वही कपाटातच पिवळी पडते. ती विकली गेलीच, तर पाने सुटी करून चौकटीत बसवली जातात आणि एका पानाने दुसऱ्याला दिलेले उत्तर हरवते. मोबाइलच्या छायाचित्रात सारे एकदम सापडते. रेखाटनात मात्र माणूस उठून जाण्याआधी काय टिपायचे आणि काय सोडायचे हे हाताला ठरवावे लागते, आणि ही निवडच चित्रकाराची खरी ओळख असते.

कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे या चारही दिशांचे रस्ते जेथे मिळतात त्या शीळफाट्याच्या परिसराला अशा अभ्यासासाठी माणसांची वाण नाही. बसची वाट पाहताना एका पायावर भार देऊन उभा राहिलेला कामगार हा कोणत्याही लाइफ क्लासइतकाच कठीण धडा आहे. गेटवे ऑफ इंडियाजवळील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे कल्याणचे सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांचे शिल्पालय डोंबिवलीत असल्याने, एखाद्या कलावंताचे काम त्याच्याच परिसरात एकत्र पाहता येण्याचे मोल येथील रसिकांना नव्याने सांगावे लागत नाही. रेखाटनवह्यांनाही अशी जागा हवी, जेथे त्या अखंड राहतील आणि पानामागून पान उलटून पाहता येतील. कारण चित्रकार माणसाला कसा पाहत गेला याचा पुरावा एका निवडक पानात मावत नाही, तो त्या पानांच्या क्रमात असतो.