कॉमन कलेक्टर : तक्त्यातील उपेक्षित ओळ

बारावीच्या पातळीवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या पाठांत ट्रान्झिस्टरच्या तीन जोडण्यांचा तक्ता अनेकदा आढळतो. त्यात कॉमन कलेक्टरच्या वाट्याला बहुधा 'विद्युतदाबाची वृद्धी एकापेक्षा कमी' एवढीच नोंद येते. नोंद खरी आहे; पण ती वाचून विद्यार्थी ही जोडणी निरुपयोगी ठरवून मोकळा होतो. आमचा आक्षेप या अर्ध्या सत्याला आहे.

या जोडणीत कलेक्टर सरळ बॅटरीला जोडतात, संदेश बेसला देतात आणि एमिटरवरील भारातून तो घेतात. बदलत्या संदेशाच्या दृष्टीने बॅटरी म्हणजे नुसती तार, म्हणून कलेक्टर दोन्ही मंडलांना समाईक ठरतो. हा खुलासा गाळला, तर 'कॉमन' या शब्दापाशीच विद्यार्थी अडतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये बेस व एमिटर यांच्यातील फरक साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट राहतो. बेसचा दाब वाढला की प्रवाह वाढतो आणि एमिटरही तितकाच वर चढतो. एमिटर बेसच्या मागोमाग जातो, म्हणून 'एमिटर फॉलोअर'.

मग फायदा कोणता? समजा, १० किलोओहम अंतर्गत रोधाच्या उगमातून १ व्होल्टचा संदेश १०० ओहमच्या भाराला थेट दिला. भारावर जेमतेम ०.०१ व्होल्ट पोचेल. मध्ये १०० प्रवाहवृद्धीचा ट्रान्झिस्टर घातला, तर उगमाला तोच भार सुमारे १० किलोओहमचा भासतो आणि भारावर जवळजवळ ०.५ व्होल्ट मिळतात. (बायसचे रोध येथे सोडून दिले आहेत.) वृद्धी एकापेक्षा कमीच, तरी भाराला पन्नासपट दाब आणि अडीच हजारपट शक्ती!

रत्नागिरीच्या शिक्षकांना याचा दाखला घरातच सापडेल. आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र ऐकण्यासाठी रेडिओ सेलऐवजी घरच्या विजेवर चालवताना जो नियंत्रित एलिमिनेटर वापरत, त्याच्या साध्या रचनेत झेनर डायोडचा स्थिर दाब बेसवर असतो आणि रेडिओला लागणारा प्रवाह एमिटर पुरवतो. पावसाळ्यात विजेचा दाब काही मर्यादेत खाली-वर झाला, तरी रेडिओला मिळणारा दाब फारसा हलत नाही.

तेव्हा तक्ता जरूर शिकवावा. पण त्यात आदान रोध, प्रदान रोध आणि शक्तिवृद्धी हे रकाने असावेत. आणि परीक्षेत 'वृद्धी किती?' एवढेच न विचारता 'ही जोडणी कोठे वापराल आणि का?' असे विचारावे.