पोर्तिनारी वेदिकाचित्र : दाते आणि मेंढपाळ

ह्यूगो वान डेर गूस याच्या पोर्तिनारी वेदिकाचित्राचा गौरव फ्लॉरेन्सच्या चित्रकारांना तैलरंगाचे सामर्थ्य दाखविणारी कृती म्हणून करण्याची प्रथा आहे. ती निराधार नव्हे. परंतु तिच्यामुळे चित्राकडे पाहावयाचे मात्र राहून जाते.

तोम्माझो पोर्तिनारी हा मेदिची पेढीच्या ब्रूज येथील शाखेचा प्रमुख होता. त्याचा पूर्वज फोल्को याने १२८८ मध्ये फ्लॉरेन्स येथे सांता मारिया नुओवा हे रुग्णालय स्थापिले होते. त्या रुग्णालयाच्या चर्चसाठी तोम्माझोने १४७५ च्या सुमारास हे त्रिपट करवून घेतले. बाजूंच्या फलकांवर त्याचे कुटुंब गुडघे टेकून बसले आहे : एकीकडे तो व दोन मुलगे, दुसरीकडे पत्नी मारिया व कन्या मार्गेरिता. त्यांच्यामागे उभे असलेले संत त्यांच्याहून कितीतरी मोठे आहेत.

आकारातील ही विषमता मध्ययुगीन संकेताचा अवशेष होय, असे म्हणून टीकाकार पुढे जातात. आकार हा योग्यतेचा निदर्शक असेल, तर मधल्या फलकावरील तीन मेंढपाळांचे काय? भरजरी वस्त्रे ल्यालेले पुढचे देवदूतही त्यांच्यापुढे लहान दिसतात. राकट हातांचे, विरळ दातांचे हे लोक धावत आले आहेत. एकाचे तोंड विस्मयाने उघडेच राहिले आहे. द्रव्य ज्याचे, तो कडेला स्तब्ध. आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही, ते मरियेच्या बरोबरीचे. ही निवड अनवधानाने झालेली असणे शक्य नाही.

मध्यभागी उघड्या भूमीवर नग्न बालक आहे. त्याच्या पुढे गव्हाची पेंढी, औषधाच्या बरणीत लिली व आयरिस, आणि काचेच्या पेल्यात कोलंबाईन व कार्नेशन. पेंढी प्रसादाच्या भाकरीची सूचक. बरणी मात्र रुग्णालयातील दर्शकाच्या नित्य परिचयाची. येथे प्रतीक आणि वस्तू यांत फट दिसत नाही.

पुढे ह्यूगोला मनोविकार जडला, म्हणून काही जण या चित्रातील अस्वस्थतेचे मूळ तेथे शोधतात. परंतु आजाराचा वृत्तांत चित्रानंतरच्या काळातील आहे, आणि मेंढपाळांची उत्कटता रचनेच्या शिस्तीत पुरती बांधलेली आहे.

१४८२ मध्ये ह्यूगो मरण पावला. चित्र फ्लॉरेन्सला पोचले ते १४८३ मध्ये. १४८५ मध्ये गिर्लांदायोने सांता त्रिनिता येथील सास्सेत्ती प्रार्थनागृहाच्या वेदिकाचित्रात हेच मेंढपाळ उचलले. त्याने त्यांचे चेहरे घेतले, जमिनीचा खडबडीतपणाही घेतला. पण त्याचे मेंढपाळ धावत येत नाहीत, ते आधीच येऊन शांतपणे बसले आहेत.