न संपणारा सप्टेंबर

शब्दकोश हा वाचायचा ग्रंथ नव्हे, अडल्यानडल्याला उघडायचा. माळ्यावरच्या पितळी हंड्यासारखा. लग्नकार्य निघालं की खाली उतरतो, कार्य आटोपलं की पुन्हा वर. पण हॅकर मंडळींचा 'जार्गन फाइल' नावाचा जो कोश आहे, तो मात्र मी अथपासून इतिपर्यंत वाचला. आणि चक्क हसत वाचला. मोल्सवर्थसाहेबांचा कोश आदरणीय खराच, पण तो वाचताना हसू फुटल्याचं मला काही आठवत नाही.

इथे 'हॅकर' म्हणजे तुमच्या बँकेतले पैसे पळवणारा इसम नव्हे बरं का! यंत्राशी खेळताना तहानभूक विसरणारा माणूस, एवढाच या कोशाचा अर्थ. १९७५ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत राफाएल फिंकेल यांनी अशा लोकांच्या बोलीतले शब्द टिपायला सुरुवात केली. पुढल्याच वर्षी ती यादी एमआयटीत पोचली. १९८३ साली गाय स्टील यांनी तिचं पुस्तक काढलं आणि १९९१ साली एरिक रेमंड यांनी ते वाढवून पुन्हा छापलं.

ज्या घरात जे जास्त, त्याला शब्द जास्त. आपल्याकडे नाती उदंड, म्हणून मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या वेगळ्या. इंग्रजाचं एका 'आंटी'वर भागतं. या मंडळींच्या घरात उदंड काय, तर बिघाड! ठिगळं लावून कसंबसं उभं केलेलं पण चालणारं काम म्हणजे 'क्लूज'. वर्षानुवर्षं साचलेली, टाकवत नाही अशी अडगळ म्हणजे 'क्रफ्ट'. आणि 'बग' तर आता आपल्याही घरचाच झालाय. १९४७ साली हार्वर्डच्या 'मार्क टू' यंत्रात एक पतंग अडकून मेला आणि तो चिकटपट्टीनं नोंदवहीत लावून ठेवला गेला. ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गंमत अशी, की 'बग' हा शब्द एडिसनच्या काळापासून चालत आलेला. म्हणजे शब्द आधी तयार होता, पतंगानं फक्त वेळेवर प्राण दिला. कोशकारांनी हे प्रामाणिकपणे सांगितलंय. एरवी अशी छान दंतकथा हातची कोण घालवतो?

व्याकरणही फर्मास. प्रश्न विचारायचा तर शब्दाच्या शेवटी 'पी' लावायचा, ही लिस्प भाषेतली रीत यांनी जेवणाच्या टेबलापर्यंत आणली. बिल गॉस्पर यांना चिनी हॉटेलात सुपाचा मोठा वाडगा कोणाबरोबर तरी निम्मा करायचा होता. त्यांनी विचारलं, "स्प्लिट-पी सूप?" इंग्रजीत हे वाटाण्याच्या डाळीच्या सुपाचं नाव, म्हणून कोटी. आपण 'जेवलास का' म्हणताना तो 'का' शेवटीच लावतो, पण त्याबद्दल आपल्याला कोणी कोशात घेतलं नाही.

परिशिष्टातल्या गोष्टी मात्र अस्सल वाङ्मय आहेत. एमआयटीच्या संगणकाच्या कपाटाला कोणीतरी एक बटण चिकटवलेलं. दोन खुणा, 'जादू' आणि 'जास्त जादू'. बटणाला तार एकच. एका तारेवर बटण काही करू शकत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणून खुशाल खाली-वर केलं, आणि यंत्र जागच्या जागी बंद! वर्षभरानं दुसऱ्या एकाला दाखवायला पुन्हा केलं, पुन्हा बंद. अखेर बटणच कापून काढलं. ही गोष्ट गाय स्टील यांची. दुसरी मेलची, १९८३ साली एड नेदर या खगोलशास्त्रज्ञानं लिहिलेली. विक्रीखात्यानं मेलला सांगितलं, एक कळ दाबली की पत्त्यांच्या खेळात गिऱ्हाईकच जिंकेल असं करून दे. मेल कुरकुरला, मग केलं. पण उलटं झालं. कळ दाबली की यंत्रच लबाडी करून दरवेळी जिंकायचं! मेलला आनंद झाला. आपलं अंतर्मन फारच सचोटीचं आहे असं म्हणून त्यानं दुरुस्तीला साफ नकार दिला.

आता दोष. कोशकारानं ऐकावं आणि लिहावं. इथे संपादक हळूहळू सगळ्यांच्या वतीनं बोलू लागतात. सरासरी हॅकराचं एक शब्दचित्र परिशिष्टात आहे. टी-शर्ट, जीन्स, दाढी, चिनी जेवण, विज्ञानकथा. वधुवर सूचक मंडळाचा फॉर्मच जणू! नेटवर्कवर नुसता मजकूर दिसतो, म्हणून आमच्यात वर्ण-लिंगभेद नाही, असंही हे लोक सांगतात. पण चेहरा दिसत नसला तरी तो दाढीवालाच असणार, हे मात्र धरून चालायचं! २००३ सालच्या आवृत्त्यांत तर रेमंड यांनी स्वतःची राजकीय मतं साऱ्या जमातीच्या नावावर खपवली, असा आरोप झाला.

माझी खरी तक्रार एका नोंदीशी आहे. 'न संपलेला सप्टेंबर' हे तिचं नाव. दर सप्टेंबरात विद्यापीठांतून नवी पोरं नेटवर्कवर यायची, धुडगूस घालायची आणि महिन्याभरात रीतभात शिकायची. १९९३पासून मात्र सर्वसामान्य ग्राहकांची रीघ लागली ती थांबलीच नाही. म्हणून तो सप्टेंबर संपलाच नाही म्हणे! कल्पना झकास. पण आपल्याकडे विदेश संचार निगमनं जनतेसाठी इंटरनेट उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतले थोडे सोडले, तर तुम्ही, मी, आपले शेजारी, सगळेच त्या सप्टेंबरातले. नव्यांना बोली कळावी म्हणून ज्यांनी कोश रचला, त्यांनीच नवे आले म्हणून हळहळावं, हे अजब आहे. पंगतीचं आमंत्रण गावभर द्यायचं आणि मग माणसं मोजून उसासे टाकायचे!

आणि झालं काय? 'हॅकर' शब्द वाचवण्यासाठी यांनी चोराला 'क्रॅकर' म्हणा असा आग्रह धरला. जगानं ऐकलं नाही. शब्द कोणी घडवला याला महत्त्व नसतं, तो कोणाच्या तोंडी बसला याला असतं. शेजारच्या काकू दळण टाकून आल्या, की "डोकं हँग झालंय बाई" म्हणतात. 'हँग' कोशात आहे, काकू नाहीत. कोशाची भर २००३ साली थांबली, काकूंची चालू आहे.

तरीही वाचाच. ते सरासरी चित्र वगळलंत तरी चालेल, परिशिष्टातल्या गोष्टी वगळू नका. ते कापलेलं बटण स्टील यांनी घरी तळघरात ठेवलं, आणि एवढा शास्त्राचा माणूस, पण ठेवलं ते 'जास्त जादू'कडेच वळवून.