अमेरिकन आरमाराचा चरित्रकोश व ‘होगा’ टगबोट

लढाऊ जहाजांचीं चरित्रें विपुल आहेत. संकटांत त्यांस ओढून नेणाऱ्या टगबोटींचीं विरळा. अमेरिकन आरमारानें आपल्या जहाजांचा चरित्रकोश सन १९५९ ते १९८१ या काळांत ८ खंडांत प्रसिद्ध केला. तो संशोधकांच्या नित्य उपयोगाचा ग्रंथ होय. परंतु लहान नौकांच्या बाबतींत त्यावर कितपत विसंबावें, हें ‘होगा’ टगबोटीच्या उदाहरणावरून तपासण्याजोगें आहे.

सुमारें १०० फूट लांबीची ही बोट न्यूयॉर्क शहरांतील मॉरिस हाइट्स येथें बांधली गेली व ३१ डिसेंबर १९४० रोजीं पाण्यांत उतरली. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानांनीं पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हां ती त्याच बंदरांत होती. ‘ॲरिझोना’ पेटली असतां तिच्या कुशीस बांधलेलें ‘व्हेस्टल’ हें दुरुस्तीचें जहाज होगानें ओढून दूर केलें, असें पुढील लेखक सांगतात.

आतां कोशांतील व्हेस्टलचा लेख पाहावा. एका आरमारी टगबोटीनें जहाजाची नाळ आगीपासून दूर ओढली, इतकें तेथें आहे. तिचा तांडेल पूर्वीं व्हेस्टलवरच नोकरीस असावा, अशी पुस्तीही आहे. नाहीं तें केवळ बोटीचें नांव! व्हेस्टलचे कप्तान कॅसिन यंग यांस अमेरिकेचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें. दोर ओढणारी मात्र निनांवी राहिली.

उलट ॲडमिरल निमिट्झ यांचें १९४२ चें प्रशंसापत्र घ्यावें. त्यांत होगाचें नांव स्पष्ट आहे, जहाजाचें नाहीं. आग लागलेल्या एका जहाजाच्या नाळेस बोट बांधून आग विझविली व तें बंदराच्या वाटेंत बुडूं नये म्हणून किनाऱ्यास लावण्यास साह्य केलें, असा मजकूर आहे. हें वर्णन ‘नेव्हाडा’ या युद्धनौकेस लागू पडतें, व्हेस्टलला नव्हे. म्हणून नेव्हाडाच्या सुटकेस या समकालीन पत्राचा आधार आहे. व्हेस्टलच्या सुटकेस तें पुरावा म्हणून लावतां येणार नाहीं. १९८९ सालीं होगास राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. त्या वेळच्या टिपणांत दोन्ही कामगिऱ्या एकत्र येतात. परंतु तें टिपण ४८ वर्षांनंतरचें आणि बोटीचें महत्त्व सिद्ध करण्याच्या हेतूनें लिहिलेलें आहे, हें विसरतां कामा नये.

बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आमच्या वाचकांस सांगणें नलगे. तोच भेद येथेंही लागू करावा. कोश वाट दाखविण्यास उत्तम; निर्णयास अपुरा. मोठ्या जहाजाच्या लेखांत टगबोट ‘एक टग’ होते व टगबोटीच्या पत्रांत युद्धनौका ‘एक जहाज’ होते. दोन्हींकडील कागद समोरासमोर ठेवल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं.

होगा १९४८ पासून चाळीसांहून अधिक वर्षें ओकलंड बंदरांत अग्निशामक बोट म्हणून राबली व २०१५ सालीं अर्कान्सस संस्थानांतील नॉर्थ लिट्ल रॉक येथें संग्रहालयांत पोंचली. बोट जपली गेली, हें उत्तमच. तिच्यासारख्या लहान नौकांचे फुटकळ कागद जपणें हें संग्राहकांचें काम आहे. तें न झाल्यास अशा बोटी ‘एक टग’ म्हणूनच राहतील.