शुश्रूषा करणारीची दृष्टि

फर्दापूरचें नांव घेतलें कीं रसिकांस अजिंठ्याचीं लेणीं आठवतात. त्यांपैकीं सोळाव्या लेण्यांत 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून विख्यात असलेलें एक चित्र आहे. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ मधील ग्रंथानें तें दूरवर परिचित झालें. ही स्त्री नंदाची पत्नी सुंदरी असून पतीच्या प्रव्रज्येची वार्ता कळतांच ती मूर्च्छित झाली आहे, असा अर्थ पुढें अभ्यासकांनीं लावला. चित्रास नांव राजकन्येचें मिळालें. आमचें लक्ष मात्र तिच्या भोंवतालच्या स्त्रियांकडे जातें. एकीनें तिला मागून आधार दिला आहे. दुसरी तिचा हात धरून, जणूं नाडी पाहत, उत्कंठेनें तिच्या मुखाकडे बघते आहे. तिसरी पंखा घेऊन उभी आहे. आणि एकीनें तर तोंड झांकून घेतलें आहे. चित्रकारानें शुश्रूषा करणाऱ्यांस नुसते हात दिले नाहींत, मनहि दिलें. त्यामुळेंच हें चित्र केवळ एका दुखण्याचें न राहतां एका घराचें झालें आहे.

हीच कसोटी एका अगदीं निराळ्या कलाकृतीस लावून पाहूं. जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं इंग्लंडांत 'दोन वर्षांची मुलगी रुग्णालयांत जाते' अशा अर्थाच्या नांवाचा बोलपट दाखविला. लॉरा नांवाची मुलगी एका किरकोळ शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस आईवेगळी राहते. ती फारशी आकांत करीत नाहीं. खेळण्यांतलें अस्वल उराशीं धरून आईची चौकशी करीत राहते. आणि घरीं निघतांना आईचा हात धरण्यास नाकारते. हा शेवटचा प्रसंग पाहिल्यावर रॉबर्टसन यांच्या म्हणण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाहीं. शांत मूल म्हणजे सुखी मूल नव्हे, हें त्यांनीं डोळ्यांसमोर उभें केलें.

तथापि या बोलपटांत एक उणीव आम्हांस जाणवते. मुलीचें मन त्यांत पूर्णपणें उतरलें आहे. परिचारिका मात्र येते, काम उरकते आणि निघून जाते. प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरांस व परिचारिकांस तो रुचला नाहीं. त्यांच्या रागास केवळ अहंकार म्हणून बाजूस सारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. आई भेटून गेली कीं मूल रडूं लागे, हें त्या रोज पाहत. तेव्हां भेटीच मुलांस बाधतात, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा असला तरी निर्दयपणाचा नव्हता. शिवाय एकीनें ताप पाहावा, दुसरीनें अंग पुसावें, तिसरीनें भरवावें, अशी कामांची वांटणी असे. त्यांत कोणतेंच मूल कोणा एकीचें होत नसे. दोष हृदयाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक होता. पुढें १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानें भेटीवरील निर्बंध काढावेत आणि लहान मुलांबरोबर आईसहि राहूं द्यावें, अशी शिफारस केली.

आपल्याकडे प्रश्नाचें रूप निराळें आहे. सार्वजनिक रुग्णालयांत आई बहुधा मुलाच्या खाटेशींच असते. भरविणें, पुसणें, औषधें आणणें हें तिच्याकडेच येतें. तेथें आईची उणीव नसते; परिचारिकेस एका मुलाजवळ थांबण्यास सवड मिळत नाहीं, ही उणीव असते. याउलट नवजातांच्या अतिदक्षता कक्षाच्या दाराशीं आईस पुष्कळदां अडविलें जातें. वास्तविक अकालीं किंवा कमी वजनाचीं जन्मलेल्या बालकांस शक्य तितक्या लवकर आईच्या छातीशीं त्वचेस त्वचा लावून ठेवावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं सुचविलें आहे. म्हणजे आईस कोठें ठेवावें हें आतां भावनेनें ठरवावयाचें नसून तो उपचाराचाच भाग झाला आहे.

अशा स्थितींत मुलांच्या दुखण्यावर लिहिणारांकडून आमची अपेक्षा एवढीच कीं, त्यांनीं परिचारिकेस देवता करूं नये आणि पाषाणहि करूं नये. रात्रपाळींत एक मूल रडत असतां दुसऱ्याच्या सलाईनकडे धांवणाऱ्या स्त्रीच्या मनांत काय चालतें, हें तिच्या बाजूनें लिहिलें गेलें पाहिजे. आणि तिनें स्वतः लिहिलें तर फारच उत्तम. तसें लेखन हातीं आल्यास त्याचें परीक्षण आम्ही आनंदानें करूं.